तुझ्या बाल्कनीतलं ऊन

ती. आत्यास,


परवा फोनवर तू म्हणालीस, ‘‘इथे काही जगत नाही गं. दुपारी एकनंतर नुसतं ऊन आणि ऊन.’’ आणि लगेच विषय बदलून नातवाच्या परीक्षेवर गेलीस. मी तेव्हा ‘हो का’ म्हणून गप्प बसले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आत्या, ऊन आहे म्हणून काही जगत नाही, हे तू म्हणावंस? सोलापुरात उभा जन्म काढलेल्या बाईनं? दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी समजावून सांगितलं असतं. तुला काय सांगू? जे सांगणार ते सगळं तुझ्याकडूनच तर शिकले.

एप्रिल-मे महिन्यात आपल्या गच्चीवर काय असायचं, विसरलीस का? पारा ४३-४४ अंशांवर, फरशीवर अनवाणी पाय टेकवायची सोय नाही, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. त्या गच्चीवर तू डालड्याच्या डब्यांत, फुटक्या बादल्यांत, गेरू लावलेल्या कुंड्यांत जे रंग उभे केले होतेस, ते गल्लीतल्या कुणाच्या अंगणातही नव्हते. शेजारच्या काकू वर पापड घालायला आल्या की हमखास विचारायच्या, ‘‘याला फूल कधी येतं हो?’’ तू वाकून कामात असायचीस, मान वर न करता म्हणायचीस, ‘‘याला पान येतं.’’ एवढंच. मला ते उत्तर तेव्हा तुटक वाटायचं. आता वाटतं, यापेक्षा नेमकं कुणाला सांगता आलं नसतं.

तू फुलांच्या विरोधात कधीच नव्हतीस. मोगरा होता, सदाफुली होती. पण मोगऱ्याचा बहर ओसरला की तो नुसता हिरवा राहतो, आणि शेवंती तर उन्हाळाभर जीव धरून बसते. पान मात्र बाराही महिने असतं. ज्याच्याकडे चार कुंड्यांपुरतीच जागा आहे आणि वर आग ओकणारं आभाळ आहे, त्यानं पानांकडे वळावं, हा तुझा हिशोब होता. पुण्याला आपण एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन पाहायला गेलो होतो, आठवतं? सगळी गर्दी गुलाबांपाशी, आणि तू क्रोटनच्या कुंड्यांपुढे ठिय्या देऊन. काका दोनदा बोलवायला आले. शेवटी तेही तुझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘हे कोकणात कुंपणाला असतं गं, तिकडे कुणी तिकीट काढून बघत नाही.’’ पुढच्याच खेपेला त्यांनी सावंतवाडीहून तो क्रोटन आणला. ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून.

त्या क्रोटनकडे मी नंतर येते. आधी तुझ्या बाल्कनीचं बोलू.

ठाण्याला दादानं हौसेनं झाडं आणली, ती गेली, आणि तू निष्कर्ष काढलास की इथे काही होत नाही. पण आणलं काय होतं? फर्न, पीस लिली आणि पांढऱ्या ठिपक्यांचं ते डिफेनबेकिया. ही सगळी घनदाट जंगलाच्या तळाशी, मोठ्या झाडांच्या छायेत वाढणारी. त्यांना पश्चिमेच्या भिंतीला टेकवून दुपारच्या उन्हात ठेवलं तर ती करपणारच. नर्सरीवाल्यानं विकण्याआधी ‘ऊन किती येतं’ एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता. आणि दादाला माहीत नव्हतं, ते मी समजू शकते. पण तू घरात होतीस. तू बघितलंस आणि काही बोलली नाहीस. का गं? पूर्वी तू रस्त्यावरून जाताना परक्यांच्या कुंड्या हलवायला सांगायचीस. तो कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला आठवतो, ज्याला तू दम दिला होतास की ते कोलियस दुकानाच्या आत कोंडू नकोस म्हणून?

पानाचा रंग उन्हातून येतो, हे मी पुस्तकात फार नंतर वाचलं. त्याआधी तू दाखवलं होतंस. त्या जांभळ्या ट्रॅडेस्कँशियाच्या एकाच वेलाच्या काड्या तू दोन डब्यांत खोचल्यास. एक डबा पाण्याच्या टाकीच्या सावलीत, एक कठड्याच्या कोपऱ्यात भर उन्हात. पावसाळा संपून दिवाळी आली तेव्हा टाकीखालचा हिरवट-राखाडी, लांबुळका, पेरापेरांत अंतर पडलेला. आणि कठड्यावरचा वांग्याच्या सालीसारखा गर्द, गच्च, वर गुलाबी फुलांचे बारके ठिपके. दोन्ही डबे शेजारी ठेवून तू मला नुसतं बघायला लावलंस. एक शब्द बोलली नव्हतीस.

आता त्यामागचं कारण कळतं. पान ऊन खाऊन जगतं, पण ऊन मर्यादेबाहेर गेलं की तेच ऊन हरितद्रव्याला पेलत नाही. अँथोसायनिन नावाचं लाल-जांभळं रंगद्रव्य त्यातला काही भाग अडवतं, म्हणून कडक उन्हात कित्येक झाडं ते जास्त बनवतात. सावलीत त्याची गरज उरत नाही. उलट मिळेल तेवढा उजेड पकडायला हरितद्रव्यच वाढवावं लागतं आणि बाकीचे रंग त्याच्याखाली झाकले जातात. क्रोटनमधला पिवळा-केशरी वेगळ्या द्रव्यांचा, गाजरात असतात त्या जातीच्या. पण सावलीत तोही हिरव्यात बुडतो. चैत्रात घाटातून जाताना कुसुमाची झाडं लालभडक दिसतात, पिंपळाची कोवळी पानं तांबूस असतात, आंब्याचीही. कोवळ्या पानाची घडण पुरी होईपर्यंत तो रंग त्याला उन्हापासून जपतो, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. ती पानं मोठी होताना हिरवी होतात. क्रोटनचं पुष्कळदा उलटं. नवं पान हिरवं-पिवळं निघतं आणि जून होताना शिरांवरून केशरी होत जातं, मग लाल, मग काळपट किरमिजी. एका फांदीवर वरपासून खालपर्यंत सगळे टप्पे एकदम दिसतात. तू मला ते बोटानं मोजून दाखवायचीस, शेंड्यापासून बुडापर्यंत.

तेव्हा तुझी बाल्कनी अडचणीची नाही, आत्या. ती हवी तशीच आहे. पाच-साडेपाच तास थेट ऊन, तेही दुपारचं. शिवाय ठाण्याची हवा दमट. इथे सोलापुरात क्रोटनसाठी आपण किती धडपडायचो! कोरड्या वाऱ्यानं कडा वाळायच्या, मे महिन्यात पानांच्या पाठीवर लाल कोळी जाळी विणायचा, तू रोज संध्याकाळी पानं पाठीमागून पाण्यानं धुवायचीस. तुझ्याकडे पारा पस्तिशीच्या आसपास आणि हवेत खाडीचा ओलावा. क्रोटन मूळचा मोलुक्का बेटांच्या बाजूचा, जिथून लवंग आणि जायफळ जगभर गेलं. दमट उष्ण हवा हे त्याचं माहेर. आपण इथे रखरखाटात जे जगवलं, ते तुझ्याकडे माजेल.

पांढऱ्या पट्ट्यांची झाडं मात्र त्या उन्हात नकोत. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, लाल संरक्षणही नाही, तो भाग आधी भाजतो. गडद रंगाचं घे. तांबूस अकॅलिफा, लाल अल्टरनँथेरा, जांभळा ट्रॅडेस्कँशिया, सोनेरी ड्युरांटा. ड्युरांटाची फळं विषारी असतात, नातू लहान आहे, तेव्हा ती धरायच्या आत छाटत जा. कोलियसचं जरा बघून. जुने बियांचे कोलियस सावली मागतात. हल्ली काड्यांवर वाढवलेले काही प्रकार ऊन चांगलं सोसतात, पण मे महिन्यातल्या पश्चिमेच्या भिंतीपुढे मी त्यांच्यावर पैज लावणार नाही. ऑक्टोबर ते मार्च बाल्कनीत, नंतर आतल्या खिडकीत. आणि तुरा दिसला की खुड. तुऱ्याला गेलेला कोलियस पानाकडे लक्ष देत नाही, हे तुझंच वाक्य.

आणि लाल माठ. हा तर तू विसरूच शकत नाहीस. डालड्याच्या डब्यात भुरभुरलेलं ते मोहरीपेक्षा बारीक काळं बी, आठवड्यात वर येणारी लाल सुतं, आणि महिन्याभरात उन्हाला धरलं की काचेसारखी आरपार दिसणारी किरमिजी पानं. लोक शोभेच्या झाडांसाठी नर्सऱ्या पालथ्या घालतात आणि आपली मंडईतली भाजी कुणी कुंडीत लावत नाही. माठ उन्हाचाच भोक्ता आहे.  तू बाहेरची पानं खुडून लसणाची फोडणी द्यायचीस आणि मधला शेंडा ठेवायचीस. भातात ती भाजी कालवली की भात गुलाबी व्हायचा, आणि मी रडून भागायचं नाही, खावीच लागायची. तो रंग क्रोटनच्या लालपेक्षा वेगळ्या कुळातला आहे, बीटचा सख्खा. बोगनवेलीतही तोच, फड्या निवडुंगाच्या बोंडातही तोच. आणि गंमत अशी की ज्या झाडांत हा रंग असतो त्यांत अँथोसायनिन नसतं. दोन्ही एका झाडात कधी नांदत नाहीत. तुला हे मुद्दाम सांगतेय, कारण एकदा तू विचारलं होतंस की माठाचं पाणी लाल होतं मग कोलियसचं का होत नाही. मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, ‘‘तिला स्वयंपाकघरात बसून असले प्रश्न सुचतात.’’ ते हसण्यावारी गेलं. पण तो प्रश्न खरोखर मोठा होता, आत्या.

कुंड्या मातीच्याच हव्यात. दादाला काळ्या प्लास्टिकच्या आवडतात, हलक्या म्हणून. पण दुपारच्या उन्हात त्या अशा तापतात की कडेची मुळं शिजतात. मातीची कुंडी पाझरते आणि आतून गार राहते. बारा इंचाच्या पाच-सहा पुरेत. लहान कुंडी उन्हात दुपारपर्यंत कोरडी होते, तू दिवसातून तीनदा झारी घेऊन कुठे उठशील? त्या जवळजवळ ठेव, म्हणजे एकीची सावली दुसरीच्या अंगावर पडेल. उन्हाळ्यात झाडाच्या पानापेक्षा कुंडीचं अंग झाकणं जास्त महत्त्वाचं. बाहेरच्या बाजूला एक जुनं गोणपाट लाव, आपण लावायचो तसं. तळाला विटेचे तुकडे दे. फरशीचा ताव वर जायला नको आणि भोकातून पाणी मोकळं निघायला हवं. खालच्या मजल्यावर गळलं की सोसायटीत कटकट, म्हणून ताटल्या लागतीलच. पण त्यांत पाणी साठू देऊ नकोस, डासांची वस्ती होते. पावसाळ्यात तर ताटल्या काढूनच ठेव. तुझ्याकडे पाऊस पश्चिमेकडूनच झोडपतो.

माती तुला शिकवायची नाही. निम्मी लाल माती, शेणखत, थोडा नारळाचा भुसा. एकच आठवण करते : युरिया नको. नुसतं नत्र दिलं की पान मोठं होतं, मऊ होतं आणि हिरवं पडतं. उपाशी नाही आणि खादाड नाही, अशा बेतानं ठेवलेल्या झाडालाच रंग चढतो.

दुपारी दोन वाजता सगळी पानं लोंबतील. तेव्हा वहिनी धावत पाणी घालायला येईल. तिला थांबव. संध्याकाळी सहाला मातीत बोट घालून बघायला सांग. ओल असेल आणि पानं उठून बसली असतील तर त्यांना काही झालेलं नाही, ती फक्त ऊन टळायची वाट बघत होती. हे तू मला शिकवताना माझं बोट धरून मातीत खुपसलं होतंस. नखात माती गेली म्हणून मी कुरकुरले होते.

आता तो क्रोटन.

काका गेल्यावर तू ठाण्याला जायला निघालीस, तेव्हा गच्चीवर गेली नाहीस. सामान बांधलं, देव घेतले, भांडी वाटलीस, किल्ली माझ्या हातात दिलीस. जिन्याकडे पाहिलंही नाहीस. मी समजून घेतलं. पण नंतरही, इतक्या फोनांत, एकदाही विचारलं नाहीस गं. पाऊस झाला का विचारतेस, गड्डा यात्रेची चौकशी करतेस, शेंगाचटणी पाठव म्हणतेस. गच्चीचं नाव नाही. मला त्याचं वाईट वाटतं. आज लिहूनच टाकते. झाडं मला वारशानं मिळाली असं सगळे म्हणतात. मी मात्र ती तुझीच म्हणून सांभाळतेय, आणि तुला त्यांची खबर नको असते, हे मला कसं सोसेल याचा विचार केलास का?

तो क्रोटन आहे. कठड्याला टेकलाय, माझ्या खांद्याएवढा. एका उन्हाळ्यात पिठ्या ढेकणानं पार पांढरा केला होता. साबणाच्या पाण्यानं फांदी न् फांदी पुसली, मग संध्याकाळी निंबोळी तेल फवारलं. सावरला. खालची पानं आता जवळजवळ काळी आहेत, मधल्या शिरेला फक्त एक लाल रेघ, उन्हात धरली की पेटलेली दिसते.

या पावसाळ्यात मी त्याला गुटी बांधली. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडली, इंचभर साल गोल सोलून काढली, चीक पुसला. तो चीक अंगाला लागला की खाज सुटते, म्हणून तू हाताला खोबरेल लावायला सांगायचीस, तसं लावलं. मग ओलं शेवाळ बांधलं, वर प्लास्टिक, दोन्हीकडून सुतळी आवळली. श्रावणात काही दिसेना. भाद्रपदात एका सकाळी प्लास्टिकच्या आत, शेवाळातून वाट काढत, काचेला नाक लावावं तशी पांढरी मुळं टेकलेली. मी खाली येऊन बाबांना हाक मारली. ते जिना चढून वर आले, गुडघे दुखत असताना. बघून काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, ‘‘ताईला नेऊन देतो.’’

म्हणून बाबा येतायत. नवरात्राआधी, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं, पहाटे उतरतील. पिशवीत गुटीचं रोप असेल, मुळांभोवती ओलं गोणपाट. ट्रॅडेस्कँशियाच्या काड्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. त्यांना काही लागत नाही, मातीत खोचल्या की झालं. अल्टरनँथेराची दोन रोपं. माठाचं बी पुडीत. शेंगाचटणी वेगळ्या डब्यात, दोन्ही एकत्र करू नका म्हणून बाबांना सांगितलंय. कुंड्या आणि माती दादा शनिवारी आणणार आहे, मी त्याला फोन केला. त्याला आनंद झाला, खरंच. म्हणाला, आई बाल्कनीत येऊनच बसत नाही.

ऑक्टोबरचं ऊन एकदम अंगावर घेऊ देऊ नकोस. आठ-दहा दिवस दाराच्या आत, मग सकाळी बाहेर दुपारी आत, मग कायमचं कठड्यापाशी. जुनी पानं भाजली तर भाजू देत. नवी येतील ती तिथल्या उन्हाला ओळखूनच येतील. क्रोटन जागा बदलली की रुसतो, पानं टाकतो, तुला माहीत आहे. सावंतवाडीहून आला तेव्हा नुसता दांडा उरला होता आणि काका म्हणाले होते, गेलं वाटतं. आता दादा म्हणेल, वहिनी म्हणेल. त्या वेळी दांड्याची साल नखानं जराशी खरवड. खाली हिरवं दिसलं की गप्प बसायचं आणि थोडंच पाणी घालायचं.

पहिल्या पंधरवड्यात पानं गळतील तेव्हा घाबरून मला फोन करू नकोस, असं लिहिणार होते. पण कर. रात्री-अपरात्री कर. किती पानं गळली, कुठलं पिवळं पडलं, शेंड्याला काही हललं का, सगळं सांग. परीक्षेचं नंतर बोलू.

तुझी,
सोलापूरची भाची